मराठी कामांना लागणारे कोड-स्निपेट्स: एकत्र लिहूया, तपासूया, वाटूया

ऐरोलीकर
ऐरोली, महापे, घणसोली, वागळे इस्टेट या पट्ट्यात आपल्यातले बरेच जण कोड लिहूनच पोट भरतात. प्रत्येकाच्या लॅपटॉपवर 'उपयोगी' नाहीतर 'जुनं काम' नावाचा एक फोल्डर असतोच. रकमेला लाख-कोटींचे स्वल्पविराम देणं, तारखेवरून आर्थिक वर्ष काढणं, पॅनचा साचा तपासणं, मराठी नावांची यादी अकारविल्हे लावणं. ही कामं आपण सगळे वेगवेगळे बसून पुन्हा पुन्हा करतो. नेटवर शोधलं तर जे मिळतं ते बहुतेक हजार-मिलियनवाल्यांनी आणि रोमन लिपीवाल्यांनी लिहिलेलं असतं. ते आपल्या कामाला अर्ध्यापर्यंत पुरतं.

म्हणून हा धागा. कोड सामायिक गिट रेपॉझिटरीत (कोडच्या भांडारात) ठेवू, इथे फक्त त्यावर बोलू. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: स्निपेटसोबत, म्हणजे कोडच्या छोट्या तुकड्यासोबत, तो कुठे चालत नाही ते लिहा. काय घेतो, काय परत देतो, कशाला नकार देतो, हे वरच्या तीन-चार ओळींत मराठीत. खाली पाच-सहा उदाहरणं, त्यातली निदान दोन आडवळणाची. नुसता कोड कितीही नेटका असला तरी दुसऱ्याच्या हातात गेला की तो अंदाजाने वापरला जातो, आणि तिथेच घात होतो.

सुरुवात लाखांच्या स्वल्पविरामापासून. पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे: उजवीकडून तीन आकडे सोडायचे, पुढे दोन-दोन. १२३४५६७ चं १२,३४,५६७. बरेच जण अक्षरमाला (स्ट्रिंग) कापून हे करतात आणि सगळ्या चाचण्या धन संख्यांवर घेतात. आता उणे १२३ द्या. शेवटचे तीन आकडे बाजूला काढले की मागे फक्त उणे चिन्ह उरतं आणि उत्तर येतं '-,१२३'. ताळेबंदात एखादी वजा रक्कम आल्याशिवाय हे दिसत नाही. म्हणून माझ्या स्निपेटमध्ये चिन्ह आणि दशांश आधी वेगळे काढलेत, मग गट पाडलेत, शेवटी पुन्हा जोडलेत. उदाहरणांत शून्य, उणे ९९९, उणे एक लाख आणि १०००.५ आहेत.

खारघर_टेकडी
कल्पना चांगली आहे, पण एक शंका आधीच मांडतो. यातल्या निम्म्या गोष्टी भाषेत आयत्या आहेत. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टला भारतातल्या इंग्रजीचा लोकेल (देश-भाषेनुसार मांडणी) सांगितला की लाख-कोटींचे स्वल्पविराम तो स्वतः देतो. मराठीचा सांगितला तर आकडेही देवनागरीत येतात. तिथे आपला वीस ओळींचा स्निपेट कशाला? जे आयतं आहे ते वापरावं, नाहीतर चांगली लायब्ररी (तयार कोडचा संच) घ्यावी. चिकटवलेल्या कोडची पुढे देखभाल कोण करणार?

ऐरोलीकर
खारघर_टेकडी, जावास्क्रिप्टपुरतं शंभर टक्के मान्य. त्या भाषेसाठी आपल्या पानावर फक्त 'स्निपेट नको, आयतं आहे, असं वापरा' एवढी एक ओळ ठेवू. पायथनमध्ये मात्र साध्या फॉरमॅटमधला स्वल्पविराम हजाराचाच पडतो, आणि लोकेलचं मॉड्यूल सर्व्हरवर तो लोकेल बसवलेला असेल तरच चालतं. तिथे स्निपेट लागतो.

वागळे_इस्टेट
लायब्ररी की चिकटवलेला कोड, या वादात दोन्ही बाजूंचे दाखले आहेत. मार्च २०१६ मध्ये एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या भांडारावरून लेफ्ट-पॅड नावाचं ११ ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने काढून घेतलं आणि त्यावर अवलंबून असलेल्या जगभरच्या प्रकल्पांचे बिल्ड अडले. डावीकडे रिकाम्या जागा भरण्याएवढंच त्याचं काम. एवढ्यासाठी बाहेरच्या पॅकेजवर विसंबायला नको होतं.

आता दुसरी बाजू. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर २०१० साली दिलेलं एक जावाचं उत्तर होतं, फाइलचे बाइट वाचायला सोप्या आकड्यात दाखवण्याचं. त्या साइटवरून सर्वाधिक कॉपी झालेला जावा स्निपेट म्हणून ते प्रसिद्ध झालं. २०१९ मध्ये खुद्द लेखकानेच लिहिलं की त्यात चूक आहे: ९,९९,९९९ बाइट दिले की एक मेगाबाइट दाखवण्याऐवजी तो १००० किलोबाइट दाखवतो. मूळ उत्तर त्याने दुरुस्त केलं. पण ज्यांनी आधी उचलून आपल्या प्रकल्पात टाकलं होतं त्यांच्यापर्यंत दुरुस्ती पोचणार कशी? कॉपी केलेल्या कोडला मागे जायचा रस्ता नसतो.

म्हणून प्रत्येक स्निपेटच्या पहिल्या ओळीत आपल्या रेपॉझिटरीचा पत्ता आणि आवृत्तीची तारीख टाका. ज्याने उचलला तो निदान परत येऊन बघू तरी शकेल.

नौपाडा_खातेवही
मी लहान व्यापाऱ्यांसाठी बिलिंगची सॉफ्टवेअर लिहिते, बरेचसे वाशीच्या एपीएमसी मसाला मार्केटमधले. माझ्याकडून पैशांच्या राउंडिंगचा स्निपेट देते आहे. हा विषय जरा ऐसपैस लिहिते, कारण इथे चूक दिसत नाही आणि व्यापारी मात्र रुपया-रुपया विचारतो.

मालाची किंमत १,२५० रुपये, त्यावर ५ टक्के जीएसटी म्हणजे ६२ रुपये ५० पैसे. एकूण १,३१२.५०. एक्सेलच्या राउंडमध्ये हे १,३१३ होतं. पायथनच्या आयत्या राउंडमध्ये १,३१२ होतं. पायथन ३ नेमक्या अर्ध्यावरची रक्कम जवळच्या सम आकड्याकडे नेतं. त्यामुळे १,३१३.५० दिले तर दोन्हीकडे १,३१४ च येतात आणि तुम्हाला वाटतं सगळं आलबेल आहे. कधी जुळतं, कधी नाही, म्हणून लोक दिवसभर कोडमध्ये डोकं घालून बसतात आणि शेवटी एक्सेललाच दोष देतात. सीजीएसटी कायद्याचं कलम १७० स्पष्ट आहे: ५० पैसे किंवा जास्त असतील तर पुढचा रुपया, कमी असतील तर सोडून द्यायचे. म्हणजे आपल्याला हवं ते शाळेत शिकलेलं राउंडिंग, पायथनच्या राउंडचं नव्हे.

दुसरी गोष्ट फ्लोटची, म्हणजे यंत्रात अपूर्णांक ठेवायच्या नेहमीच्या प्रकाराची. २.६७५ ला दोन दशांशांपर्यंत राउंड करा, २.६७ येतं. इथे सम-विषमचा प्रश्नच नाही. यंत्राच्या आत २.६७५ ही संख्या नेमकी मावत नाही, किंचित कमी साठवली जाते. त्यावर उपाय दशांश नेमके ठेवणारा डेसिमल प्रकार, पण तो अक्षरमालेतून बनवायचा. फ्लोट देऊन डेसिमल बनवलं तर आधीची त्रुटी जशीच्या तशी आत येते. माझा स्निपेट म्हणून फ्लोट घेतच नाही, दिला तर एरर देतो. हे मुद्दाम केलं आहे, कोणी 'सोयीसाठी' काढू नका.

तिसरी गोष्ट परतीच्या मालाची. क्रेडिट नोटमध्ये रक्कम वजा असते. जावास्क्रिप्टचं राउंड २.५ चं ३ करतं आणि उणे २.५ चं उणे २. म्हणजे बिल ३ चं, परती २ ची, आणि खात्यात एक रुपया कायमचा लोंबकळत राहतो. पायथनच्या डेसिमलमधला अर्धा-वर हा पर्याय उणे २.५ चं उणे ३ करतो, तिथे मेळ बसतो. जावास्क्रिप्टसाठी मी चिन्ह बाजूला काढून, धन रक्कम राउंड करून, चिन्ह परत लावलं आहे. ऐरोलीकरांनी स्वल्पविरामात केलं तेच.

शिकाऊ_नेरुळ
नौपाडाताई, हे वाचून डोळे उघडले. मी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आम्हाला फ्लोट कसा साठवला जातो हे परीक्षेला असतं, पण त्याने बिल चुकतं असं कोणी जोडून दाखवलं नव्हतं. एक प्रश्न: रक्कम सरळ पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवली तर? १,३१२.५० ऐवजी १३१२५०?

नौपाडा_खातेवही
हो, साठवायला तेच उत्तम. डेटाबेसमध्ये मी पैसेच ठेवते. पण टक्के काढताना आणि वजनाने भाव लावताना पैशाचेही तुकडे होतात, त्यामुळे राउंडिंग टळत नाही, फक्त एका जागी गोळा होतं. तीही मोठी सोय आहे. राउंडिंग कुठे करतो ते एकाच फंक्शनमध्ये असावं, बिलाच्या प्रत्येक ओळीत विखुरलेलं नसावं.

अक्षरवेल
मला मराठी मजकुराच्या शोधाबद्दल लिहायचं आहे. ठाण्यातल्या एका वाचनालयाची ग्रंथसूची संगणकावर आणायच्या कामात मी मदत करते. नोंदी वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या कीबोर्डवरून, वेगवेगळ्या वर्षी टाइप केलेल्या. पडद्यावर सगळं एकसारखं दिसतं आणि शोधलं की निम्मी पुस्तकं सापडत नाहीत.

सगळ्यात मोठा अपराधी ऱ्य. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'डोंगरदऱ्या' यांतला तो अर्धा र. तो तीन तऱ्हांनी टाइप होतो. युनिकोडमध्ये ऱ हे स्वतंत्र अक्षर आहे, क्रमांक ०९३१, त्याला हलन्त जोडून. किंवा साधा र, त्याला नुक्ता (खालचा टिंब), मग हलन्त. किंवा साधा र, हलन्त आणि त्यानंतर शून्य रुंदीचा जोडक, म्हणजे झेडडब्ल्यूजे, जो डोळ्यांना दिसतच नाही. तिन्ही पडद्यावर सारखेच. यंत्राला मात्र हे तीन वेगळे शब्द.

पहिले दोन एकत्र आणायला युनिकोडचं प्रमाणीकरण, म्हणजे एनएफसी, पुरतं. र आणि नुक्ता यांचा तो ऱ करून देतो. तिसऱ्याला एनएफसी हात लावत नाही. मग लोक काय करतात, मजकुरातले सगळे अदृश्य जोडक सरसकट पुसून टाकतात. इथे खरा घोळ आहे. 'दऱ्या' हा शब्द तिसऱ्या तऱ्हेने लिहिलेला असेल आणि जोडक पुसला, तर उरतो 'दर्या'. सह्याद्रीतल्या दऱ्यांचं पुस्तक समुद्राच्या यादीत जातं. 'आचाऱ्यांना' चं 'आचार्यांना' होतं. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी 'र, हलन्त, जोडक' ही तिकडी शोधून तिच्या जागी 'ऱ, हलन्त' ठेवायचं, नंतरच उरलेले जोडक काढायचे. स्निपेट इनमिन चार ओळींचा आहे, पण त्या ओळींची अदलाबदल केली तर तो नासधूस करतो. तसं वर ठळक लिहिलं आहे.

आणखी एक: ॲ. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आलं. त्याआधीचा मजकूर अ वर वेगळी चंद्र-मात्रा ठेवून किंवा ऍ वापरून लिहिलेला आहे. 'ॲडव्होकेट' तीन प्रकारे सापडतो. यांना एनएफसी एक मानत नाही, त्यामुळे तक्ता हातानेच द्यावा लागतो.

आणि हे सगळं फक्त शोधाच्या रकान्यासाठी करा. मूळ नोंद जशी आहे तशीच राहू द्या, शेजारी 'शोधरूप' असा वेगळा रकाना ठेवा. प्रमाणित केलेला मजकूर मूळावर लिहिला की परतीचा मार्ग बंद होतो.

खारघर_टेकडी
अक्षरवेल, माझ्या वरच्या शंकेचं उत्तर या पोस्टमध्ये मिळालं. यासाठी मी कुठली लायब्ररी घेणार होतो, ते मला सांगता येत नाही. असे स्निपेट आपणच लिहायला हवेत, कारण ऱ्य चुकला हे मराठी वाचणाऱ्यालाच कळतं.

तुमच्या यादीच्या क्रमवारीचं काय केलंत? साध्या सॉर्टमध्ये ळ ल च्या लगेच मागे येतो आणि क्ष क मध्ये जाऊन बसतो.

अक्षरवेल
क्रमवारीसाठी आयसीयू ही युनिकोडची तयार लायब्ररी वापरली आहे, लोकेल मराठी. ते काम हाताने करू नये या मताची मी आहे. वाचनालयाच्या जुन्या छापील सूचीशी ते कितपत जुळतं हे एकेक अक्षर घेऊन तपासते आहे, ते झालं की उदाहरणांसकट टाकते.

ऐरोलीकर
तारखांचं एक टाकतो, थोडक्यात. आर्थिक वर्ष काढणं: महिना एप्रिल किंवा पुढचा असेल तर हेच साल, नाहीतर मागचं. एवढं सोपं. तरी जावास्क्रिप्टमध्ये दोन खड्डे आहेत. महिने शून्यापासून मोजले जातात, त्यामुळे एप्रिल म्हणजे ३. हे एकवेळ लक्षात राहतं. दुसरं फसवं आहे. १ एप्रिलच्या स्थानिक मध्यरात्रीची तारीख आयएसओ स्वरूपात (आधी साल, मग महिना, मग दिवस) काढली की ती जागतिक वेळेत जाते. आपण साडेपाच तास पुढे, त्यामुळे ती ३१ मार्च संध्याकाळी साडेसहा अशी छापली जाते. पहिले दहा अक्षर कापून घेतले की बिल मागच्या आर्थिक वर्षात. अमेरिकेत बसून लिहिणाऱ्याला मध्यरात्र जागतिक वेळेत नेली तरी तारीख तीच मिळते, म्हणून असे स्निपेट नेटवर बिनधास्त फिरतात.

शिकाऊ_नेरुळ
सगळ्यांना एक विचारू का? हल्ली एआयला सांगितलं की हे सगळं तो लिहून देतो. कॉलेजात सगळे तेच करतात. मग असा संग्रह कशाला ठेवायचा, असं मित्र विचारत होता. मला उत्तर देता आलं नाही.

वागळे_इस्टेट
प्रश्न योग्य आहे, संकोच नको. मीही एआय वापरतो, लिहायचा वेळ वाचतो हे खरंच आहे. पण त्याला 'मराठी शोधासाठी मजकूर साफ कर' एवढंच सांगितलंस तर जोडक सरसकट पुसणारा कोड सहज मिळू शकतो. त्यात दऱ्याचा दर्या होतोय हे कोण ओळखणार? ज्याच्याकडे ते उदाहरण आहे तो. तुझ्या मित्राला सांग की या संग्रहात कोडपेक्षा उदाहरणं मोलाची आहेत. कोड कोणीही लिहो, माणूस किंवा यंत्र, उदाहरणांची यादी चालवून बघायची. उणे १२३, १,३१२.५०, डोंगरदऱ्या, १ एप्रिल. यातून पार झाला तर घ्यायचा.

उलट मी तर म्हणेन की उदाहरणं वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, साध्या सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या मजकूर-फाइलीत): दिलेलं, अपेक्षित, आणि का. म्हणजे पायथनवाला, जावावाला, पीएचपीवाला सगळे तीच वापरतील.

नौपाडा_खातेवही
काका, सीएसव्ही म्हणालात म्हणून: युटीएफ-८ सीएसव्ही एक्सेलमध्ये थेट उघडली की मराठीचा कचरा दिसतो. फाइलच्या तोंडाशी बीओएम (एनकोडिंग सांगणारी अदृश्य खूण) लिहिला की बहुतेक वेळा नीट उघडते. पायथनमध्ये त्यासाठी एनकोडिंगच्या नावाला 'सिग' जोडलेलं रूप आहे. वाचतानाही तेच द्यावं, नाहीतर पहिल्या रकान्याच्या नावाला तो अदृश्य बीओएम चिकटतो आणि रकाना 'सापडत नाही'. आणि कृपा करून सीएसव्ही स्वल्पविरामावर हाताने तोडू नका. '१,२५,०००' अशी रक्कम अवतरणात आली की तिचे तीन रकाने होतात.

खारघर_टेकडी
परवान्याचं राहिलं. रेपॉझिटरीत परवाना न लिहिता कोड टाकला तर त्याचा अर्थ 'कोणीही वापरा' असा होत नाही, हक्क लेखकाकडेच राहतात. आपण एमआयटी हा मोकळा परवाना ठेवू. स्टॅक ओव्हरफ्लोवरून जसंच्या तसं उचललेलं इथे टाकू नका. तिथला मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या बाय-एसए परवान्याखाली असतो: श्रेय द्यावं लागतं आणि पुढेही त्याच अटी लागू राहतात, ते एमआयटीत बसत नाही. आणि ऑफिसच्या वेळेत, ऑफिसच्या प्रकल्पासाठी लिहिलेला कोड तर अजिबात नको, तो सहसा कंपनीचा असतो. कल्पना आठवा, घरी बसून नव्याने लिहा.

ऐरोलीकर
मान्य. त्यात एक भर: उदाहरणांत कोणाचाही खरा पॅन, आधार किंवा मोबाइल नंबर नको, स्वतःचासुद्धा नको. पॅनचा साचा पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर असा आहे, त्यात बसणारं काहीतरी बनवा. आधारच्या १२ आकड्यांतला शेवटचा वेरहोफ पद्धतीचा तपासणी-अंक असतो. तो जुळला म्हणजे टायपिंग बहुधा बरोबर, एवढंच. असा क्रमांक कोणाला दिलेला आहे की नाही हे त्यावरून कळत नाही. स्निपेटच्या नावातही 'आधार वैध आहे का' असं न लिहिता 'आधारचा साचा जुळतो का' असं लिहा. नाव वाचूनच लोक वापरतात.

शिकाऊ_नेरुळ
मी पहिला स्निपेट टाकला आहे, कृपया बघा. मराठी एसएमएसची लांबी मोजणारा. देवनागरी मजकूर असला की एका एसएमएसमध्ये १६० ऐवजी ७० अक्षरं मावतात, आणि संदेश लांबला की प्रत्येक तुकड्यात ६७. 'ठाणे' डोळ्यांना दोन अक्षरं, पण ठ, काना, ण, मात्रा असे चार मोजले जातात. स्निपेट किती तुकडे होतील ते सांगतो. 'कुठे चालत नाही' मध्ये लिहिलं आहे: इमोजी असेल तर मोजणी चुकते, कारण बऱ्याच इमोजींना दोन जागा लागतात. उदाहरणं सहा दिली आहेत.

अक्षरवेल
शाब्बास. इमोजीची ओळ स्वतःहून लिहिलीस हे फार आवडलं. दोन सूचना. बरोबर ७० आणि बरोबर ७१ अक्षरांचं एकेक उदाहरण घाल, सीमेवरच बहुतेक गडबड होते. आणि मजकूर तोडतोस तिथे 'क्षेत्र' चा क् एका तुकड्यात आणि षे दुसऱ्यात जातोय. फोन तुकडे जोडून दाखवतो तेव्हा ठीक, पण तोच स्निपेट कोणी बातमीचा मथळा कापायला वापरला तर शेवटी लंगडा क् दिसेल. जोडाक्षर न फोडता तोडण्यासाठी युनिकोडचे नियम आहेत, देवनागरीची जोडाक्षरं एकत्र धरायचा नियम १५.१ या आवृत्तीत, २०२३ साली आला. तू वापरतोस ती लायब्ररी त्याच्या आधीची आहे का ते बघ.

शिकाऊ_नेरुळ
बघितलं, आधीचीच आहे. ७० आणि ७१ ची उदाहरणं घातली. तोडायचा भाग वेगळ्या फंक्शनमध्ये काढतोय, आणि तोवर मोजणाऱ्या फंक्शनच्या वर लिहिलं आहे: 'फक्त मोजणीसाठी, मथळे कापायला वापरू नये.'